‘पुरेसा ताण’ संगणकाला कसा कळावा?

‘थोडे’, ‘फार’, ‘पुरेसे’ अशा नेमकी सीमा नसलेल्या शब्दांना गणिती रूप देणारी पद्धत म्हणजे फझी लॉजिक, अर्थात धूसर तर्क. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील लोटफी झादे यांनी १९६५ मध्ये तिचा पाया घातला.

तिची गरज पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत सहज ध्यानात येते. आंबिया बहरासाठी बागायतदार हिवाळ्यात झाडांचे पाणी बंद करतात. यालाच ताण देणे म्हणतात. ताण कमी पडला तर फुलांऐवजी पालवी फुटते. अधिक झाला तर पाने गळून झाड खचते. हलक्या जमिनीत ओल लवकर सरते, भारी काळ्या जमिनीत ती टिकते. मग ‘पुरेसा’ म्हणजे किती?

समजा, ठिबक सिंचनाच्या स्वयंचलित यंत्राला ‘ओल ३० टक्क्यांखाली गेली की ताण पुरेसा’ असा नियम दिला. ३१ टक्क्यांवर उत्तर ‘नाही’, २९ वर ‘होय’. मातीत असा उंबरठा नसतो. धूसर तर्कात ४० टक्के ओलीला ‘पुरेसा ताण’ या शब्दाचे मूल्य ०, तर २० टक्क्यांना १ मानता येते. मग मधल्या ३१ ला ०.४५ आणि २९ ला ०.५५ मिळतात. हे मूल्य म्हणजे शक्यता नव्हे. प्रत्यक्ष स्थिती शब्दाला कितपत लागू पडते, याचे ते माप आहे.

‘पाने कोमेजली’ याचे मूल्य ०.७ असल्यास ३१ टक्के ओलीवर ‘आणि’साठी दोहोंतील लहान, म्हणजे ०.४५ घेतात, ‘किंवा’साठी मोठे, म्हणजे ०.७. ‘नाही’साठी मूल्य १ मधून वजा करतात. असे अनेक नियम एकत्र करून पाणी किती सोडायचे, हे प्रोग्राम ठरवतो.

लंडनमध्ये इब्राहिम ममदानी व सेड्राक असिलियन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाफेचे इंजिन अशाच शाब्दिक नियमांनी नियंत्रित केले. जपानमधील सेंदाई शहराची भुयारी रेल्वे १९८७ पासून या तंत्राने धावू लागली.

मात्र ४० आणि २० हे आकडे यंत्र स्वतः शोधत नाही. ते माणसाने द्यावे लागतात. भारी जमिनीचे माप हलक्या जमिनीला लावले, तर गणित अचूक राहूनही बहर हुकेल. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रथम बागायतदाराला ‘पुरेसा’चा अर्थ विचारावा.