उष्ण प्रदेशातील गोल्फ मैदानाची हिरवळ

उष्ण प्रदेशातील गोल्फ मैदानाची हिरवळ म्हणजे कडक ऊन, पाण्याची टंचाई आणि मोसमी पाऊस सोसून खेळण्यायोग्य राहील अशा रीतीने राखलेले गवताचे आच्छादन होय. गोल्फचा उगम थंड व दमट स्कॉटलंडमध्ये झाला. तेथील गवते दख्खनच्या उन्हात तग धरीत नाहीत. त्यामुळे भारतात हा खेळ आल्यावर (रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब, १८२९) गवतापासून मशागतीपर्यंत सर्वच गोष्टी वेगळ्या ठरवाव्या लागल्या. अनेक कोरड्या ठिकाणी तर गवताऐवजी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूची ‘ब्राउन’ मैदाने वापरली जात. महाराष्ट्रात पुण्यातील येरवडा, मुंबईतील चेंबूर व देवळाली येथे गोल्फ मैदाने आहेत.

गवताची निवड

उष्ण प्रदेशातील गोल्फचे मुख्य गवत म्हणजे हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन), अर्थात गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा. दौंड तालुक्यातील कासुर्डी, यवत या परिसरात शेतकरी जी हरळी शेतातून खणून बांधावर फेकतो, तिचेच संकरित भावंड गोल्फ मैदानावर जिवापाड जपले जाते. ‘हरळीची मुळी’ हा मराठी वाक्प्रचार ज्या चिवटपणावर बेतला आहे, तोच गुण येथे कामी येतो. साधी हरळी आणि आफ्रिकी हरळी यांच्या संकरातून अमेरिकेतील टिफ्टन येथे विकसित झालेली टिफड्वार्फ, टिफवे ४१९ ही वाणे जगभर वापरली जातात. ती वंध्य असल्याने त्यांचे बी मिळत नाही. कांड्या टोचून किंवा तयार हिरवळीचे पट्टे अंथरून लागवड करावी लागते. पाणी खारट असल्यास सागरी पास्पालम हे गवत अधिक टिकते.

हरळीला सुमारे २७ ते ३५ अंश सेल्सियस तापमान मानवते. म्हणून पाणी मिळत असेल तर एप्रिल-मे हा तिच्या वाढीचा काळ असतो, संकटाचा नव्हे. तिला खरा त्रास सावलीचा व सततच्या ढगाळ हवेचा होतो. हौसेने लावलेली गर्द झाडे ग्रीनच्या पूर्वेस असली, की सकाळचे ऊन अडते आणि गवत विरळ होते.

नित्य निगा

चेंडू खळग्यात ढकलण्याच्या जागेस ग्रीन म्हणतात. तेथील गवत ३ ते ४ मिलिमीटर उंचीवर, बहुधा रोज कापतात. फेअरवेवर ही उंची १० ते १५ मिलिमीटर असते. इतक्या आखूड कापणीमुळे पाने थोडी राहतात व मुळे उथळ होतात, म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत उंची किंचित वाढवणे शहाणपणाचे असते. पाणी पहाटे द्यावे. रोज थोडे शिंपण्यापेक्षा अंतराने पण खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली नेते.

काळ्या मातीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल धरते. म्हणून ग्रीनखाली सुमारे १० सेंटिमीटर खडीवर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण घालण्याची पद्धत रूढ आहे. पावसाळ्यात बुरशीजन्य रोग, हुमणी, लष्करी अळी आणि लव्हाळा यांचा उपद्रव वाढतो. लव्हाळा उपटल्याने जात नाही. जमिनीतील गाठी पुन्हा फुटतात.

नूतनीकरण

गवताच्या मृत काड्यांचा थर साधारण १२ मिलिमीटरहून जाड झाला, की पाणी मुळांपर्यंत नीट पोहोचत नाही. अशा वेळी उभी चीर देऊन काड्या काढतात, पोकळ दातांच्या यंत्राने जमिनीस भोके पाडतात व त्यांत वाळू भरतात. ग्रीनमध्ये साधी हरळी शिरून ठिपके पडले असतील, तर मात्र वरवरचे उपाय पुरत नाहीत. जुने गवत तणनाशकाने मारावे लागते, आणि एकाच फवारणीवर थांबल्यास उरलेल्या मुळ्या नव्या लागवडीतून हमखास डोके वर काढतात. पाण्याची सोय असल्यास लागवड मे महिन्यात करावी. जूनच्या मुसळधार पावसात टोचलेल्या कांड्या व वाळू वाहून जाते. ऑक्टोबरचे ऊनही उपयोगी पडते, पण त्यापुढे पुण्याच्या थंड रात्री वाढ मंदावतात.

पाण्याचा प्रश्न

एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. ३० हेक्टर हिरवळीस उन्हाळ्यात दिवसाला ६ मिलिमीटर दिल्यास १८ लाख लिटर लागतात. खडकवासल्याचा कालवा हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतीला पाणी देतो, आणि पुणे शहरही त्याच धरणसाखळीवर अवलंबून आहे; त्यामुळे हा आकडा केवळ तांत्रिक राहत नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. तो वाद क्रिकेटच्या मैदानांचा होता, तरी गोल्फला तो अधिकच लागू पडतो, कारण गोल्फचे क्षेत्र कित्येक पटींनी मोठे असते.

यावरील व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे आणि रफचा भाग उन्हाळ्यात पिवळा पडू देणे. सांडपाण्यातील क्षार मातीत साचतात. सोडियम वाढल्यास जिप्सम घालतात आणि निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात बरेचसे क्षार खाली धुऊन जातात. निचरा नसलेल्या जमिनीत ते पृष्ठभागावर पांढऱ्या थराच्या रूपाने दिसू लागतात.