लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलणे

लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलणे म्हणजे बिघडू लागलेल्या डिस्कवरील माहिती अन्यत्र सुरक्षितपणे उतरवून घेऊन तिच्या जागी नवी डिस्क बसवणे होय. या कामात क्रमाला विशेष महत्त्व आहे. आधी प्रत घ्यावी, तपासणी व दुरुस्तीचा विचार नंतर करावा. डिस्क बाजारात पुन्हा मिळते, तिच्यावरील माहिती मिळत नाही.

बिघाडाची लक्षणे

लॅपटॉपमधील २.५ इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे शीर्ष त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धक्क्याने ते तबकडीला टेकल्यास चुंबकीय थर खरवडला जातो. फाइल उघडण्यास विलंब लागणे, संगणक वारंवार अडकणे व टकटक असा आवाज येणे ही बिघाडाची परिचित चिन्हे होत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या प्रणालीद्वारे ठेवते. परंतु तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख निर्देशकांपैकी एकातही दोषाची नोंद आढळली नव्हती.

माहितीची प्रत

प्रथम छायाचित्रे, हस्तलिखिते, हिशेब अशा पुन्हा न मिळणाऱ्या फाइल बाह्य डिस्कवर घ्याव्यात. आज्ञावली पुन्हा स्थापित करता येतात, म्हणून त्यांची घाई नसते. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले जुने मराठी लेखन असल्यास ते टंकही सोबत उतरवावे लागतात. अन्यथा फाइल शाबूत राहूनही मजकूर वाचता येत नाही. मराठी वापरकर्त्यांच्या हे बहुधा उशिरा ध्यानात येते.

संपूर्ण डिस्कची प्रत घेण्यासाठी ‘डीडीरेस्क्यू’ ही मुक्त आज्ञावली उपयोगी पडते. ती सुस्थितीतील भाग आधी वाचते, सदोष भागांकडे नंतर वळते आणि प्रगतीची नोंद ठेवत असल्याने खंडित झालेले काम पुढे चालू करता येते. मूळ व नवी डिस्क यांची नावे देताना अदलाबदल झाल्यास मात्र मूळ माहितीच पुसली जाते. प्रत हाती येण्यापूर्वी ‘चेकडिस्क’सारखी दुरुस्ती चालवणे अयोग्य होय, कारण तिच्यामुळे मरणासन्न डिस्कवर वाचन-लेखनाचा अधिक भार पडतो. टकटक आवाज सुरू झाला असल्यास लॅपटॉप बंद करून माहिती-पुनर्प्राप्तीच्या तज्ज्ञाकडे सोपवणे श्रेयस्कर. डिस्क शीतकपाटात ठेवण्याचा प्रचलित उपाय आत दव साचवून हानीच करतो.

नवी डिस्क

नव्या डिस्कची जोडणी व जाडी (सामान्यतः ७ किंवा ९.५ मिलिमीटर) जुळणे आवश्यक असते. तबकड्या नसलेली एसएसडी अधिक वेगवान असून धक्क्यांना दाद देत नाही. तथापि तीही पूर्वसूचनेविना बंद पडू शकते. काही लॅपटॉपमध्ये साठवण मुख्य फलकालाच डाखलेली असते, तेथे हा बदल घरी शक्य नसतो. माहिती ‘बिटलॉकर’ने कूटबद्ध असल्यास तिची पुनर्प्राप्ती-कळ आधीच कागदावर टिपून ठेवावी.

प्रत उतरल्यावर काही फाइल उघडून पाहाव्यात. तोवर जुनी डिस्क पुसू नये वा भंगारात देऊ नये.