बनोसा स्टेशन ते एसटी स्टँड



व्याख्यानमालेच्या मांडवात इतिहासावर बोलावे ते पदवीधरांनी. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते जीनमधली पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर. नंतरची तीस वर्षे हमाल, जीन-कामगार आणि मोटार-कामगार यांच्या युनियनच्या कामात गेली. त्यामुळे माझ्या इतिहासात राजेरजवाडे थोडे आणि वेळापत्रके फार, हे आपण चालवून घ्यावे.

आजचा माझा प्रश्न साधा आहे. आपल्या गावातून गाडी कोठे जावी, केव्हा सुटावी आणि कोठे थांबावी, हे आजवर कोणी ठरवले? आणि ते ठरवताना गावाला कोणी विचारले होते काय?

मूळ कापसात आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी गेली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपली काळी जमीन आठवली. १८६७ साली लोहमार्ग भुसावळहून थेट नागपूरला भिडला. खामगाव आणि अमरावती ही कापसाची मोठी ठाणी मुख्य मार्गापासून बाजूला पडली होती. लगेच १८७० नि १८७१ मध्ये त्यांना जोडणारे छोटे फाटे घातले गेले. बाजार चुकला तर रूळ वळवून बाजाराकडे नेता येतात, हे तेव्हाच सिद्ध झाले.

आपल्या भागाची पाळी आली ती चाळीस वर्षांनी. पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन कापसाला चांगली. परंतु पावसाळ्यात तीच माती बैलबंडीची चाके धरून ठेवते. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि पुढच्या काही वर्षांत मूर्तिजापूर हे नाके धरून दोन फाटे बांधले : एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर, दुसरा दर्यापूर-अंजनगावावरून एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. रूळांतील अंतर अवघे अडीच फूट. रूळ कंपनीचे आणि गाडी चालवणार जीआयपी रेल्वे, असा करार होता. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, तेथून मुंबई, आणि मुंबईहून विलायत. एंजिनही तिकडचेच : १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले. ज्या मुलखात आपली रुई जाई, त्याच मुलखातून ती ओढणारे यंत्र येई.

या गाडीला लोकांनी पुढे शकुंतला म्हटले. आपल्याकडे तिचे स्टेशन झाले ते बनोशाला. पूर्वी चंद्रभागेकाठचे दर्यापूर हे तालुक्याचे ठाणे. कचेरी, बाजार सारे तेथे. आज खानेसुमारीत गावाचे नाव दर्यापूर-बनोसा असे जोडून येते. गाडी जेथे थांबते तेथे आधी हमाल थांबतो, मग चहाची टपरी, मग अडत्या, मग वस्ती. गाव कोणत्या अंगाने वाढावे याचा निर्णय थांब्याची जागा ठरवणाराच अर्ध्याहून अधिक करून टाकतो. आमच्या वाडवडिलांना त्याबद्दल कोणी विचारले नव्हते. गाडी कापसासाठी होती. माणसे तिच्यात बसली, एवढेच.

स्वराज्य आले. १९५१ च्या नोव्हेंबरात मध्य रेल्वे स्थापन झाली आणि गाडी चालवण्याचे काम तिच्याकडे आले; रूळांची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. दर काही वर्षांनी करार वाढवला जाई. चालवणाऱ्याला वाटे, दुसऱ्याच्या रूळांवर आपण पैसा का घालावा. मालकाला वाटे, चालवतात ते बघतील. भाड्याच्या घराची भिंत पडते ती अशीच. तिकडे कापूस मालमोटारीत गेला. १९५६ साली वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे एसटीचा लाल डबा आपल्याकडे धावू लागला. वाफेचे एंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चालले. मग डिझेल आले. शेवटच्या काळात गार्डच तिकीट फाडी आणि फाटकही गाडीची माणसेच उतरून लावीत. जी मंडळी या गाडीने मूर्तिजापूरला गेली असतील त्यांना ते दृश्य आठवेल. गरिबाला परवडणारी गाडी होती, पण फेऱ्या इतक्या थोड्या उरल्या होत्या की कामावर जाणाऱ्याला ती उपयोगाची राहिली नव्हती. अखेर दोन्ही फाटे थांबले. मार्ग मोठा करण्याच्या घोषणा झाल्या, गाडीसाठी आंदोलनेही झाली. रूळांवर आज बाभळी आहेत.

आता स्वतःचा एक कबुलीजबाब देतो.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर राज्यभर एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. मी कामगारांच्या बाजूने उभा होतो. त्याची मला आजही खंत नाही. पोटाला पुरेल असा पगार मागणे हा गुन्हा नव्हे. एके दिवशी स्टँडवर आमच्या मंडपाशी एक बाई थांबल्या. रेल्वे आधीच बंद, एसटीही उभी, काळी-पिवळीवाल्याने भाडे चढवलेले. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमचा संप खरा हाय; पण माह्या पोरीच्या परीक्षेचं काय, सांगा बरं?”

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री घरी जाऊन जुनी मागणीपत्रे काढली. तीस वर्षांच्या कागदांत महागाई भत्ता होता, गणवेश होता, विश्रांतीगृहातल्या पंख्यासुद्धा होता. परंतु शाळेच्या वेळेला गाडी सुटावी, आठवडी बाजाराला जादा फेरी असावी, खेड्यातली मुक्कामी गाडी बंद करू नये, असे एक कलम मी कधी लिहिले नव्हते. प्रवासी हा आमच्या भांडणातला तिसरा पक्ष. त्याला कंपनीने विचारले नाही, सरकारने विचारले नाही आणि युनियननेही विचारले नाही. त्याला विचारले असते तर रेल्वे थांबली तेव्हा कामगार आणि प्रवासी एका मंडपात बसले असते, असे मला आता वाटते.

लोकांनी एकत्र बसून हे ठरवता येते काय? येते. अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलँड नावाचे शहर आहे. १९७० च्या खानेसुमारीत त्याची वस्ती ३ लाख ८२ हजार. मुंबईपुढे ते गावच. तेथील ट्राम १९५० साली मोडीत काढल्या होत्या आणि शेजारच्या गावांना जोडणारी प्रवासी रेल्वे १९५८ साली. मोटारीचे राज्य आले. मग वस्त्यांमधून एक मोठा मोटाररस्ता काढायचे ठरले. त्यात शेकडो घरे जाणार होती. रहिवासी सभांतून वाद घालू लागले. रस्ता हवा म्हणणारेही होते, घर सोडणार नाही म्हणणारेही. अखेर १९७४ साली नगरपालिकेने त्या रस्त्यातून अंग काढून घेतले. त्यासाठी ठेवलेल्या पैशातला काही भाग सार्वजनिक वाहतुकीकडे वळला आणि १९८६ साली नवी विजेची रेल्वे सुरू झाली. ग्रेशम गावाकडच्या तिच्या शेवटच्या टप्प्याला जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेचीच जागा कामी आली. मोडलेले पुन्हा उभारायला अठ्ठावीस वर्षे लागली. पण जागा उरली होती म्हणून ते सोपे गेले.

कोणी म्हणेल, ती अमेरिका, हे दर्यापूर. खरे आहे, आपल्याकडे तसा पैसा नाही. परंतु बसून बोलायला पैसा लागत नाही, जागा लागते, आणि अडचण तेथेच आहे. खेड्याला ग्रामसभा आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण घटनेने त्या बंधनकारक केल्या ३ लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ठिकाणी. आपल्यासारखे तालुक्याचे गाव मध्येच लोंबकळते : खेडे राहिले नाही, शहर झाले नाही.

तरी एक दार उघडे आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे गावाचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ती नोटीस आपण वाचतो काय? आपल्या प्लॉटवर आरक्षण पडले तर धावतो. स्टँडवर सावली नाही, शाळेच्या वाटेवर पायी चालायला जागा नाही, यासाठी कोणी अर्ज घेऊन गेल्याचे मी पाहिले नाही. शकुंतलेसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. पण रूळांखालची जमीन तुकड्यातुकड्याने गेली तर उद्या कोणी गाडी आणू म्हटले तरी ती कोठून आणणार, हा प्रश्न विचारणारे फार थोडे.

म्हणून माझी सूचना अशी. ही व्याख्यानमाला संपल्यावर मांडव आणखी एक संध्याकाळ राहू द्यावा. त्या दिवशी वक्ता नको. एसटीचे चालक-वाहक यावेत, कॉलेजातल्या मुली याव्यात, बाजारात भाजी आणणाऱ्या बाया याव्यात, काळी-पिवळीवालेही यावेत. त्यांचेही पोट याच रस्त्यावर आहे. प्रत्येकाने आपण कोठून, किती वाजता, कशाने येतो एवढेच सांगावे आणि कोणीतरी ते लिहून घ्यावे. तो कागद आधी नगरपालिकेत आणि आगारात द्यावा, आणि आराखड्याची नोटीस निघाली की हरकत म्हणून तोच पुन्हा दाखल करावा. युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात त्यातली कलमे घालण्याची जबाबदारी माझी.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या गाडीचा कागद मुंबईच्या एका कचेरीत लिहिला गेला. पुढचा कागद दर्यापुरात लिहिला जावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.