हार्डकोड केलेला पाच

लिपिड प्रोफाइलच्या कागदावर 'एलडीएल'पुढे जो आकडा छापलेला असतो, तो अनेकदा कोणी मोजलेलाच नसतो. लॅबवाले मोजतात तीन गोष्टी: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. एलडीएल हा आपल्या भाषेत 'डिराइव्ह्ड कॉलम'. एकूणमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सना ५ने भागून तेही वजा करा, उरलं ते एलडीएल. आता कोडमध्ये असा उघडाबोडका ५ दिसला की कोणाही प्रोग्रामरच्या मनात पहिला प्रश्न येतो, हा कोणी लिहिला आणि कशाच्या भरवशावर? गेले दोन वीकेंड त्या पाचाच्या मागे गेले. (बायकोच्या मते वाया गेले.)

तर मंडळी, गोष्ट सुरू होते अणुबॉम्बपाशी! जॉन गॉफमन हा कॅलिफोर्नियातल्या बर्कलेचा माणूस. युद्धाच्या काळात याने प्लुटोनियम वेगळं काढायचं काम केलं होतं, शिवाय डॉक्टरही होता. युद्ध संपल्यावर त्याने अल्ट्रासेंट्रिफ्यूज हाताशी घेतलं आणि त्यात माणसाचं रक्तद्रव घातलं. हे यंत्र मिनिटाला पन्नास हजारांच्या आसपास फेऱ्या मारतं. फिरवल्यावर जड प्रथिनं तळाला बसतात. पण एक शिखर काही केल्या नीट दिसेना, वेडंवाकडं यायचं. गॉफमनच्या लक्षात आलं की यात चरबी आहे, हे धड बुडतही नाही आणि धड तरंगतही नाही. मग त्याने द्रवात मीठ घालून त्याची घनता वाढवली आणि ते कण वर आले. आमटीवर तेलाचा तवंग येतो ना, अगदी तसे. बुडणारं मोजायच्या यंत्रात त्याने तरंगणारं मोजलं, मला तर ही युक्ती जाम आवडली.

१९५०मध्ये 'सायन्स'मध्ये त्याचा लेख आला. म्हणणं असं, की रक्तात एकूण कोलेस्टेरॉल किती यापेक्षा ते कुठल्या जातीच्या कणांतून फिरतंय हे हृदयरोगासाठी महत्त्वाचं.

हे समजायला भिवंडीकरांना फार त्रास पडू नये. कोलेस्टेरॉल म्हणजे माल. तो तेलकट, रक्तात विरघळत नाही, म्हणून त्याला गाडी लागते. लायपोप्रोटीन म्हणजे ती गाडी, आपला टेम्पो. आता संध्याकाळी अंजूरफाट्याला जो जाम लागतो, तो गाड्यांत किती टन माल भरलाय त्यामुळे लागतो की किती टेम्पो रस्त्यावर उतरलेत त्यामुळे? मानकोलीच्या गोदामांतून निघालेला तोच माल अर्धवट भरलेल्या छोट्या टेम्पोंतून पाठवलात तर माल तेवढाच, पण रस्त्याचं पार वाटोळं. रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसून अडकतात ते हे टेम्पो.

पण अल्ट्रासेंट्रिफ्यूज महाग, किचकट आणि वेळखाऊ. अमेरिकेत चार प्रयोगशाळांनी मिळून सुमारे पाच हजार पुरुषांवर पडताळणी केली. १९५६मध्ये 'सर्क्युलेशन'मध्ये निकाल आला तो चक्क दुभंगलेला. तीन प्रयोगशाळांचं म्हणणं, एवढा खटाटोप करून साध्या कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त काही कळत नाही. गॉफमनचा गट अडून बसला. शेवटी एकाच लेखात बहुमताचं आणि अल्पमताचं अशी दोन मतं छापली गेली. (आमच्या सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त आठवलं.) जिंकलं अर्थात स्वस्त होतं ते. पुढची कित्येक वर्षं जगभर 'कोलेस्टेरॉल किती?' एवढाच प्रश्न राहिला.

आता आपल्याकडे या. डॉ. एस. एल. मल्होत्रा हे पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले. रेल्वेची एक गंमत आहे, पंजाबापासून मद्रासपर्यंत नोकरीचं स्वरूप सारखं, दवाखाने सारखे, नोंदी सारख्या. संशोधकाला आणखी काय हवं? साडेअकरा लाख कर्मचाऱ्यांच्या नोंदी घेऊन १९५८ ते १९६२ या काळातले हृदयविकाराचे मृत्यू त्यांनी तपासले आणि १९६७मध्ये निष्कर्ष छापले. दक्षिणेत या रोगाचं प्रमाण उत्तरेच्या सातपट निघालं! आणि चरबी कोण जास्त खात होतं? उत्तरेतले, दक्षिणेच्या आठ ते एकोणीस पट, तीही मुख्यतः दुधातुपाची. रक्तातल्या कोलेस्टेरॉलमध्येही हा फरक समजावून सांगेल असं काही मिळालं नाही. मल्होत्रांनी मग दूध-दह्यातल्या स्निग्धाम्लांकडे आणि चावून खाण्याच्या सवयीकडे बोट दाखवलं. ते कारण मला स्वतःला फारसं पटत नाही, मृत्यूच्या दाखल्यांवर किती विसंबायचं हाही प्रश्न आहेच. पण कोलेस्टेरॉलच्या एका आकड्यात आपला रोग मावत नाही, हे त्या रेल्वेच्या आकड्यांत १९६७लाच दिसत होतं.

आमच्या घरात ते उशिरा दिसलं. माझे काका इथेच एका सायझिंगमध्ये कामाला होते. अंगाने बारीक, जेमतेम ५५ किलो. ४९व्या वर्षी रात्रपाळी करून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. त्याआधी सहा महिन्यांचा रिपोर्ट कपाटात होता. त्यात लिपिडचा एकच आकडा, एकूण कोलेस्टेरॉल १८२. पुढे 'नॉर्मल'. काकू कितीतरी दिवस तो कागद येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती, की बघा, नॉर्मल होतं.

असो. आपल्या पाचाकडे वळू. १९७२मध्ये फ्रीडेवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन या तिघांनी अमेरिकेतून तो प्रसिद्ध केला. उद्देश सरळ होता, अल्ट्रासेंट्रिफ्यूजशिवाय एलडीएल काढता यावं. व्हीएलडीएल नावाच्या कणांत ट्रायग्लिसराइड्स आणि कोलेस्टेरॉलचं प्रमाण साधारण पाचास एक असतं, म्हणून ५. नमुना होता ४४८ जणांचा. लेखकांनी मर्यादाही प्रामाणिकपणे लिहिली, ट्रायग्लिसराइड्स ४००च्या वर असतील तर हे वापरू नका. म्हणजे डॉक्युमेंटेशन चोख होतं, वाचलं किती जणांनी ते सोडा.

अडचण ४००च्या अलीकडेही आहे. समजा एकूण १८०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड्स ३९०. पाचाने भागलं तर एलडीएल येतं ६७, वा! पण ट्रायग्लिसराइड्स चढली की ते प्रमाण बदलतं, भाजक मोठा लागतो. तिथे समजा ७ धरला, तर तेच एलडीएल ८९ होतं. माणूस तोच, रक्त तेच. चढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि उतरलेलं एचडीएल ही जोडी आपल्याकडे घरोघरी, म्हणजे सूत्र जिथे लंगडतं नेमके तिथेच आपण उभे! २०१३मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी साडेतेरा लाख नमुने घेऊन त्या एका ५च्या जागी १८० खान्यांचा तक्ता बसवला. साधा लुकअप टेबल! चाळीस वर्षांनी का होईना, कोणीतरी रिफॅक्टर केलं. एलडीएल थेट मोजणारी रसायनंही आता आहेत, तेव्हा रिपोर्टवर 'डायरेक्ट' लिहिलंय का ते बघा.

पण टेम्पो मोजायचे राहिलेच की. प्रत्येक एलडीएल कणावर एपोबी नावाच्या प्रथिनाचा बरोबर एक रेणू असतो. एक गाडी, एक नंबरप्लेट. नंबरप्लेट मोजल्या की गाड्या कळल्या, सेंट्रिफ्यूज नको नि भागाकार नको. २००४मध्ये ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात हेच केलं होतं. त्यातल्या दक्षिण आशियाच्या भागाचं विश्लेषण २००७मध्ये 'जामा'त आलं आणि त्याचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. पहिला झटका येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३, इतरत्र ५८.८. आणि तुलनेसाठी घेतलेल्या, झटका न आलेल्या लोकांत एपोबी आणि एपोए-१ यांचं गुणोत्तर वाढलेलं किती जणांचं? आपल्याकडे ४३.८ टक्के, इतरत्र ३१.८ टक्के. म्हणजे ज्यांना अजून काही झालेलं नाही, त्यांच्याही रस्त्यावर गर्दी आहेच.

एक कण अजून राहिला. १९६३मध्ये ओस्लोच्या कोरे बर्गने लायपोप्रोटीन(ए) शोधला. एलडीएलसारखाच, पण अंगावर आणखी एक प्रथिन लटकलेलं. त्याची पातळी मुख्यतः आईबापांकडून येते, जेवणाखाण्याने फारशी हलत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी प्रत्येकाने आयुष्यात निदान एकदा करावी असं म्हटलंय, ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका वाढलेला. आमच्या ऑफिसच्या वार्षिक तपासणीत ना हे आहे, ना एपोबी. व्हिटॅमिन डी मात्र आहे!

बाबा काकांचे सख्खे धाकटे भाऊ, या दिवाळीत ५८चे होतील. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे." शनिवारी सकाळी दोघांचंही रक्त द्यायचं ठरलंय. उपाशीपोटी नाही गेलं तरी चालतं म्हटल्यावर तयार झाले.