डब्यानंतरचं पारणं

आमच्या फडताळात एक मोठा प्लास्टिकचा डबा आहे. सध्या त्यात मेतकूट असतं आणि त्याच्यासोबत आलेला मापाचा चमचा कपडे धुण्याच्या पावडरीत पडलेला असतो. सहा वर्षांपूर्वी लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा हा डबा घरात आला. सकाळी एक ग्लास शेक, दुपारी मोजकं जेवण आणि सूर्यास्ताच्या आत आणखी एक ग्लास. टिळकवाडीत एका बंगल्याच्या गच्चीवर आम्ही दहा-बाराजणी सकाळी सहाला जमायचो. वजन व्हायचं, ज्याचं उतरलं तिच्यासाठी टाळ्या व्हायच्या. साडेतीन महिन्यांत मी 78 वरून 68 किलोवर आले. आईची इरकल नेसून लग्नात मिरवले, फोटोही छान आले. पुढच्या वर्षी दशलक्षणात बस्तीत भेटलेल्या एका मैत्रिणीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘‘सोडलंत वाटतं वैनी सगळं?’’ तेव्हा काटा 79 दाखवत होता.

मला रडूच आलं त्या दिवशी. खरं सांगायचं तर मी काही सोडलं नव्हतं. डबा संपला होता, एवढंच. पण माझी जीभ सैल, माझा निश्चय कच्चा, असंच मी धरून चालले. बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी इथे झाला. या डब्याचा मागचा पत्ता शोधायला बसले तेव्हा कळलं, की माझ्या आधी लाखो बायका याच वाटेनं गेल्या होत्या आणि जवळजवळ सगळ्यांनी परत येताना स्वतःलाच दोष दिला होता.

ही गोष्ट अमेरिकेतली. इंडियाना राज्यात इव्हान्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथली मीड जॉन्सन ही कंपनी मुळात तान्ह्या बाळांचं अन्न करणारी. आजाऱ्यांना पाण्यात कालवून द्यायची एक पौष्टिक पावडरही त्यांच्याकडे होती. 1959 साली त्यांनी तशाच धर्तीची पावडर बारीक होऊ पाहणाऱ्यांसाठी बाजारात आणली आणि तिला नाव दिलं मेट्रेकल. दुधाची पावडर, सोयाबीनचं पीठ, साखर, मक्याचं तेल आणि वरून जीवनसत्त्वं. दिवसाला सुमारे 225 ग्रॅम पावडर, तिचे चार ग्लास, एकूण 900 कॅलरी. बस्स. दुसरं काही खायचं नाही. अशक्त माणसाला सावरण्यासाठी जे देत होते, तेच सशक्ताला वाळवण्यासाठी द्यायला लागले! पुढच्याच वर्षी कालवण्याचाही त्रास नको म्हणून ते पातळ स्वरूपात पत्र्याच्या डब्यात आलं. डबा फोडायचा आणि प्यायचा. इतकं खपलं, की मोठमोठ्या दुकानांनी स्वतःच्या नावाचे तसेच डबे काढले.

बायकांना त्यात काय आवडलं असेल, हे मला कुणी सांगायला नको. रोज तिन्ही त्रिकाळ दुसऱ्यांसाठी रांधणाऱ्या बाईला ‘आपण काय खायचं, किती खायचं’ हा विचारच करावा लागत नाही, याचं सुख फार मोठं असतं. मी स्वतः अनुभवलंय. घरच्यांसाठी पोळ्या लाटायच्या आणि आपला ग्लास घेऊन खिडकीत बसायचं. पण मेट्रेकलच्या चार ग्लासांनंतर पाचव्या दिवशी, पन्नासाव्या दिवशी, किंवा वजन उतरल्यावर पहिल्या सकाळी काय खायचं, याची कुठे शिकवणच नव्हती. डब्याला सुरुवात होती, शेवट नव्हता.

त्यानंतरचं प्रकरण वाचून माझ्या अंगावर काटा आला. 1976 साली रॉबर्ट लिन या डॉक्टरांचं एक पुस्तक अमेरिकेत गाजलं. त्यात सांगितलं होतं, की अन्न पूर्ण बंद करा आणि फक्त पातळ प्रथिनं प्या. ती प्रथिनं कशाची, तर कत्तलखान्यात उरलेली कातडी, खुरं, शिंगं, स्नायूंचे दोर उकळून काढलेली. वर चेरीचा वास. आपल्यातल्या बाईनं नुसतं ऐकलं तरी दोनदा आंघोळ करावी असा प्रकार. (तेव्हापासून मी डब्यावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचते. तुम्हीही वाचा. ‘प्रोटीन’ या शब्दाला आई-बाप असतात.) पण धर्माची गोष्ट बाजूला ठेवली तरी शरीराला ती प्रथिनं अपुरी होती. 1977-78 मध्ये हा आहार घेणाऱ्यांपैकी सुमारे 60 जणांच्या मृत्यूची नोंद सरकारकडे झाली. त्यातले कितीतरी मृत्यू तरुण बायकांचे होते आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडून आलेले. त्यानंतर सरकारनं इशारे छापायला लावले आणि चांगल्या प्रथिनांची, क्षार-जीवनसत्त्वं घातलेली, डॉक्टरांच्या देखरेखीखालची नवी पेयं आली.

त्याच काळात, 1977 साली, स्लिमफास्ट आलं. त्याची पद्धत जरा सौम्य. दोन वेळा शेक आणि एक वेळ घरचं जेवण. आमच्या गच्चीवरची पद्धत थेट तीच. 2000 साली युनिलिव्हरनं ही कंपनी 230 कोटी डॉलरला विकत घेतली. यावरून हा धंदा केवढा झाला होता, ते समजावं.

आणि मग ओप्रा विनफ्रे. नोव्हेंबर 1988 मध्ये ही बाई आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात जीन्स घालून एक लाल गाडी ओढत आली. गाडीत 67 पौंड, म्हणजे सुमारे 30 किलो प्राण्यांची चरबी होती. तेवढं वजन तिनं चार महिन्यांत ऑप्टिफास्ट नावाचं पेय पिऊन उतरवलं होतं. चार महिने तिनं घन अन्नाला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या कंपनीचे फोन थांबेनात. ओप्रानं पुढे स्वतःच सांगितलं, की पुन्हा जेवायला सुरुवात केल्यावर दोन आठवड्यांतच ती जीन्स तिला बसेना. इतका पैसा, घरी आचारी, दिमतीला माणसं, तरी तेच. 2023 च्या डिसेंबरात तिनं जाहीर केलं, की आता आपण वजनासाठी औषध घेतो. इतकी वर्षं लोकांनी आपल्या वजनावरून आपली चेष्टा केली आणि आपणही स्वतःला दोषी मानलं, असंही ती बोलली. ते वाचलं तेव्हा मला बस्तीतली ती दुपार आठवली.

खरं म्हणजे उत्तर मेट्रेकलच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात युरोपात उपासमार चालली होती. उपाशी माणसांना पुन्हा जेवायला कसं घालायचं, हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुण निवडले. युद्धावर जायला नकार देणारे, आपल्या मनाला पटलं म्हणून स्वखुशीनं आलेले तरुण. त्यांना 1945 मध्ये 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन जवळजवळ चौथा हिस्सा उतरलं. ही मुलं स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करायला लागली, रात्रंदिवस खाण्याचंच बोलायला लागली. आणि बंधन सुटल्यावर काही जण एका दिवसात 5000 कॅलरींच्याही वर खात आणि तरी म्हणत, भूक भागत नाही. वजन परत आलं ते आधी चरबीच्या रूपानं. अशा निग्रही मुलांचं हे झालं, तर आपली काय कथा?

2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डॉक्टरांनी त्याचं कारण रक्तात दाखवून दिलं. 50 जणांना दहा आठवडे अशाच पेयांवर ठेवलं. नंतर वर्षभरानं तपासलं, तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी रक्तातली रसायनं पूर्वीच्या पातळीवर आलेली नव्हती. म्हणजे वर्ष उलटून गेलं तरी शरीर आपलं ‘दुष्काळ पडलाय’ असंच समजून चाललेलं. माझं 68 चं 79 होत होतं, तेव्हा माझ्याही आत हेच चाललं असणार.

इथे मला सासूबाईंची आठवण येते. उपवासाची आणि वजनाची गोष्ट एका दमात काढलेली त्यांना खपली नसती. उपवास कर्मनिर्जरेसाठी, तो काय पोट आत घेण्यासाठी असतो? पण त्यांनी दशलक्षणाचे दहा उपवास केले होते, त्या वर्षीचं पारणं मला लख्ख आठवतंय. नवी सून म्हणून मी हौसेनं खीर-पुरी करून ताट वाढायला निघाले, तर चुलत सासूबाईंनी मला दारातच अडवलं. पहिल्या दिवशी मुगाचं कढण, तेही वाटीभर. मग जरासं दूध. दुसऱ्या दिवशी मऊ भात. भाकरी चौथ्या-पाचव्या दिवशी, अर्धी. आणि इतके दिवस कुणी ना कुणी त्यांच्याजवळ बसून असायचं. उपवास एकटीनं केला तरी पारणं सगळ्या घराचं असतं, असं तेव्हा कुणी बोलून दाखवलं नाही, पण वागत सगळे तसंच होते.

डॉक्टर मंडळी तिथवर पोचायला बरीच वर्षं गेली. ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी मधुमेह असलेल्या जवळजवळ 300 लोकांवर केलेला अभ्यास 2017 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. निम्म्यांना तीन ते पाच महिने फक्त पेयं आणि सूप, दिवसाला साधारण 850 कॅलरी. इथपर्यंत मेट्रेकलच. फरक पुढे होता. दोन ते आठ आठवडे एकेक जेवण हळूहळू परत आणायचं, आणि त्यानंतर दर महिन्याला भेटायचं. वजन चढायला लागलं, तर थोडे दिवस पुन्हा पेयाची मदत घ्यायची, त्यात लाज नाही. वर्षानं त्यांच्यातल्या 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी 36 टक्के. पुढे हा आकडा आणखी उतरत गेला, तेही त्यांनी लपवलं नाही. (साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईनं मनानं असला ग्लास हातात घेऊ नये. त्या लोकांच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या.)

अमेरिकेत 1994 पासून आणखी एक वही ठेवतात. कमीत कमी 30 पौंड वजन उतरवून ते वर्षभर टिकवलेल्यांची नोंदवही. ही माणसं उतरली वेगवेगळ्या वाटांनी, पण टिकवताना बरीचशी एकसारखी वागतात. रोज तासभर चालणं किंवा तेवढं अंगकाम, सकाळचं खाणं न चुकवणं आणि आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभं राहणं. दोन-चार वर्षं टिकवलं की पुढे जरा सोपं जातं, असंही दिसलं.

मी सध्या 74 वर आहे. दर रविवारी बस्तीला जाण्याआधी काट्यावर उभी राहते, आकडा कॅलेंडरवर लिहिते आणि कुणाला सांगत नाही. टाळ्या नकोतच.

गेल्या महिन्यात शहापुरातल्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे, डबा घेऊ का? मी नको म्हटलं नाही. म्हटलं, देणाऱ्या बाईंना एवढं विचारा, की डबा संपल्यावर पहिल्या आठवड्यात भाकरी किती, दुसऱ्या आठवड्यात किती, आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी वजन चढलं तर फोन कुणाला करायचा. जाऊबाईंनी विचारलं. बाई म्हणाल्या, ‘‘डबा संपवायचा कशाला? चालूच ठेवायचा.’’