पावसाळा काढतील ना?

आमच्या केळशीत कुणी अंथरुणाला खिळलं, की मिरगाच्या तोंडावर बायका हळूच विचारतात, "पावसाळा काढतील ना?" लहानपणी मला वाटायचं, पाऊसच माणसं नेतो. पुढे जुन्या साथींबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की प्रत्येक दुखण्याचा हंगाम वेगळा असतो.

मुंबईचा प्लेग घ्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. पण माणसं भराभर गेली ती थंडीत. ऊन तापलं तशी साथ उतरली आणि पुढच्या थंडीत परत आली. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो आणि कडक, कोरड्या उन्हात त्या फार तग धरत नाहीत. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई पुण्यात गेल्या, तो दिवस १० मार्च १८९७.

मग आली १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत ताप आला, तेव्हा बहुतेक जण उठून कामाला लागले. सप्टेंबरात तो फिरून आला आणि या वेळी छातीत उतरला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशभरात १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत माणसं गेली असावीत, असे अंदाज आहेत. आणि गंमत बघा, गंमत तरी कशी म्हणू, त्या वर्षी पाऊसच दगा देऊन गेला होता. धान्य महागलेलं, अंगात ताकद नाही, त्यात हा ताप.

२० ते ४० वयाचे लोक त्यात जास्त गेले आणि त्यातही पुरुषांपेक्षा बाया जास्त. याला मी नुसत्या ऋतूचा दोष म्हणणार नाही. आजाऱ्याला पेज पाजायची तिने, उशाशी बसायचं तिने आणि टंचाईत सगळ्यांच्या मागून जेवायचं तेही तिनेच.

मग आपल्याकडे पावसाळ्याचीच धास्ती का? पूर्वी पावसाळ्यात मुंबईच्या आगबोटी बंद असत. हर्णैला बोट लागायची ती पाऊस ओसरल्यावर. अडलेली बाळंतीण असो की तापाने फणफणलेलं पोर, खाडीच्या अलीकडचं माणूस अलीकडेच राहायचं. बायकांच्या त्या प्रश्नात दुखण्याइतकीच वाटेचीही काळजी होती.

आता रस्ता आहे, पण आषाढात हातात पैसा नसतो. आमच्या गटात आजारपणासाठी कर्जाची मागणी तेव्हाच वाढते. मागच्या आषाढात एक ताई सासऱ्यांच्या औषधासाठी कर्ज मागायला आली. सही करताना तिचा हात माझ्या हाताला लागला, तर चटका बसला. चार दिवस ताप अंगावर काढून ती लावणीच्या चिखलात उभी होती. चिखलातून लेप्टो होतो हे तिला ठाऊक होतं. "लावणी उरकली की जाते," म्हणाली. आम्ही तिला तशीच रिक्षात बसवली आणि तिच्या तपासणीचे पैसे त्याच कर्जात लिहिले.