व्यक्तिकेंद्री समुपदेशन

मानवतावादी मानसशास्त्रातून विकसित झालेली समुपदेशनपद्धती. प्रवर्तक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७). रॉचेस्टर येथे मुलांच्या समस्या हाताळताना, निदान करून सल्ला देण्याच्या रूढ रीतीवरचा त्यांचा विश्वास उडत गेला. १९४२ च्या ग्रंथात त्यांनी अनिर्देशक पद्धती मांडली. योग्य नाते लाभल्यास माणूस आपली वाट स्वतः शोधतो, हे तिचे गृहीतक. समुपदेशकाचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती या तीन गुणांवर १९५७ च्या लेखात त्यांनी भर दिला.

‘इंजिनिअरिंग सोडायचंय, पण घरी सांगायची हिंमत होत नाही,’ असे विद्यार्थी म्हणाला, तर येथे फायदे-तोटे मोजले जात नाहीत. ‘घरच्यांना दुखवायचं नाही आणि शिकण्यात मनही नाही, अशी कोंडी झालीय का?’ एवढे विचारून समुपदेशक थांबतो. हे थांबणेच नवख्याला जड जाते.

समोरच्याचेच बोलणे पोपटासारखे परत म्हणायचे, अशी या पद्धतीची थट्टा होते. ती वरवरची आहे. रॉजर्स यांनी बैठकांचे ध्वनिमुद्रण करून समुपदेशकाचे प्रत्येक वाक्य तपासणीसाठी खुले केले, हे त्यांचे बहुधा सर्वांत टिकाऊ काम. १९६९ मध्ये फ्रीडम टू लर्न या ग्रंथातून त्यांनी माणूस आपली वाट स्वतः शोधतो हा विचार वर्गापर्यंत नेला.

वरील गुण बदलासाठी पुरेसे असतात, हा दावा मात्र वादग्रस्त ठरला. विद्यार्थ्याच्या मनात आत्महत्येचे विचार असतील, तर नुसते ऐकून भागत नाही. तेथे थेट हस्तक्षेपच करावा लागतो.